शलाकाचा गृहपाठ

मिरजेच्या श्रीनिवास आठल्ये सरांचा देवावर विश्वास होता की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गुणांवर मात्र ठाम होता. माणसाची बुद्धी, वागणूक, भवितव्य, सगळं शेवटी शंभरापैकी किती या एका आकड्यात बसवता येतं, असं त्यांना मनापासून वाटे. आयुष्यभर गणिताचा क्लास चालवला की असं होतं. आणि मिरज-सांगलीतले निम्मे डॉक्टर-इंजिनीअर रस्त्यात दिसले की वाकून नमस्कार करतात म्हटल्यावर त्यांना कोण कशाला खोटं पाडायला जातंय?

खोटं पाडणारं एकच माणूस होतं, आणि ते त्यांच्याच घरात राहत होतं. शलाका. माहेर कोल्हापूरचं, पेशा वकिलीचा आणि तोंड दोन्हीला शोभेल असं. लग्न दोघांनी आपलं आपण ठरवलेलं, त्यामुळे तक्रार करायला दुसरं कुणी नव्हतं. ती नवऱ्याला चारचौघांत ‘मास्तर’ म्हणायची. क्लासची मुलं खालच्या हॉलमध्ये बसलेली असताना वरून हाक यायची, “ए मास्तर, कुकर बंद कर!” मुलं वह्यांत तोंड लपवून हसायची आणि सरांचे कान लाल व्हायचे. स्वयंपाकघरात तर रोजचंच भांडण. सरांना आमटीत गूळ लागायचा. ती म्हणायची, “गूळ तुझ्या वाटीत घाल. माझ्या पातेल्याला हात लावलास तर बघ.” आणि हातातला डाव उगारायची. एकदोनदा तो खरोखर सुटलाही होता.

अशा बाईला मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला. आधी एका डोळ्यापुढे धुरकट आलं, मग पाय जड झाले. तिथवर तिनं आजाराला शिव्या घालत निभावून नेलं. पण एके दिवशी मिरजेच्या कोर्टात ती युक्तिवादाला उभी राहिली, फाईल उघडली, आणि आपण कोणाच्या बाजूनं उभ्या आहोत हेच तिला आठवेना. न्यायाधीश थांबले. समोरचा वकील चांगला माणूस, त्यानं हळूच अशिलाकडे बोट दाखवलं. ती खाली बसली ती बसलीच. त्यानंतर तिनं कोट घातला नाही.

घरात जुई होती, त्यांची यंदा बारावीत जाणारी मुलगी. तिला इंजिनीअर व्हायचं नव्हतं. तिला सतारमेकर गल्लीत जाऊन तानपुरे करायला शिकायचं होतं. भोपळा कोरायचा, तबकडी बसवायची, जवारी लावायची. आठल्ये सरांची मुलगी सुतारकाम करणार, ही कल्पनाच सरांना सोसत नव्हती. पण शलाकानं मुलीला शब्द दिला होता, आणि तोही सरांच्या तोंडावर. “बारावी होऊ दे. मग तू कारखान्यात जा. या मास्तरला मी बघते.” जुईचं सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. म्हणून आई रोज थोडी थोडी विसरायला लागली तशी पोरीला एकच धास्ती लागली. आई उद्या शब्दही विसरली तर?

मिरजेतल्या एका दवाखान्यात डॉक्टर तहसीन मुजावर मेंदूच्या पुनर्वसनाचं काम बघायच्या. सरांच्या क्लासची जुनी हुशार विद्यार्थिनी. सर दारात दिसले की अजूनही खुर्चीतून उठायच्या. त्यांनी दोघांना ‘उजळणी’ नावाच्या नव्या कार्यक्रमाबद्दल सांगितलं.

“सर, वायरवरचं रबर ठिकठिकाणी खरवडलं जातं ना, तसा हा आजार. मेंदूतला निरोप निघतो, पण वाटेत गळतो. गेलेलं रबर आपल्याला परत चढवता येत नाही. पण मेंदूत आडरस्ते असतात. एक रस्ता बंद पडला तर निरोप दुसरीकडून जाऊ शकतो. तो वळवायचा कसा, एवढाच प्रश्न.”

“मग ते कॉम्प्युटरवरचे खेळ?” शलाकानं विचारलं. “चौकोन लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा?”

“ते जुने, मॅडम. त्यात माणूस त्या खेळात हुशार व्हायचा आणि घरी जाऊन गॅस बंद करायला विसरायचा. उजळणी तसं करत नाही. प्रत्येक माणसाचं एक वळण असतं. अडचण आली की आधी काय करायचं, कोणाला काय बोलायचं, कुठे हट्ट धरायचा. मेंदूतल्या सगळ्यात रुळलेल्या वाटा त्याच. पहिले दोन महिने उजळणी काही शिकवतच नाही, नुसती ओळख करून घेते. घरातले साधे प्रश्न विचारते, तुम्ही पर्याय निवडायचा. तेव्हा डोक्यावर एक टोपी घालायची. ती मेंदूत काय चाललंय ते बघत असते, आणि निवड झाली की ती वाट जागी करायला हलकासा चुंबकीय ठोका देते. तुमचं वळण तिला कळलं की पुढची सगळी उभारणी त्यावर.”

त्या हसल्या. “यात बरोबर-चूक नाही बरं का, सर. फक्त एक आहे. उत्तरांत सुसंगती लागते. ती साठच्या खालीच राहिली तर कार्यक्रम बंद करून टोपी पुढच्या पेशंटला द्यावी लागते. रांग मोठी आहे.”

बरोबर-चूक नाही हे सरांनी ऐकून सोडून दिलं. चार पर्याय म्हणजे एक बरोबर आणि तीन चूक, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. साठ हा आकडा मात्र पक्का लक्षात राहिला.

शलाकानं पहिल्याच आठवड्यात उजळणीशी भांडण काढलं. पडद्यावर प्रश्न आला, ‘घरी अचानक पाहुणे आले. घरात दूध नाही. आधी काय कराल?’ तिनं निवडलं, ‘पाहुण्यांना सरळ सांगेन.’ चार दिवसांनी तोच प्रश्न जरा फिरवून आला, तेव्हा तिनं निवडलं, ‘चहाच विचारणार नाही.’ सर म्हणाले, “अगं, परवा वेगळं दिलं होतंस.”

“परवाचे पाहुणे वेगळे असतील.”

“पण सुसंगती!”

“मास्तर, माणूस आहे मी. पाढा नाही.”

सुसंगती त्रेपन्नावर अडकली. त्यात उन्हाळा आला. मिरजेत आता चैत्र-वैशाखात दुपारी उष्म्याचा भोंगा व्हायचा आणि मग संध्याकाळपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही असा नियम होता. घरातसुद्धा भिंती तापायच्या. या आजाराच्या माणसाचं अंग अर्ध्या अंशानं तापलं तरी मेंदूतले निरोप आणखी गळतात. शलाका टोपी घालून बसायची, दोन प्रश्न व्हायचे, आणि तिची मान खाली यायची. बोट काचेवर तसंच राहायचं. सरांचा जीव तीळतीळ तुटायचा, हे खरंच आहे. पण आकडा बघूनही तितकाच तुटायचा. त्रेपन्न! आठल्ये सरांच्या घरात त्रेपन्न!

त्यांनी आधी नुसती खूण केली. ती अडखळली की टेबलावर बोटानं टकटक, एक म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा. शलाकाच्या लगेच लक्षात आलं.

“नको करूस, मास्तर,” ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, पण चढलेला नव्हता, आणि भांडण न करता ती काही मागते आहे असं फार क्वचित व्हायचं. “माझं मला करू दे. नापास झाले तर झाले. पण माझी मी नापास होईन.”

सर बरं म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती आरामखुर्चीत टोपीसकट झोपली तेव्हा त्यांनी तिचा अंगठा हळूच काचेवर टेकवून कार्यक्रम सुरू केला आणि पुढचे प्रश्न स्वतः सोडवले.

त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. किती आईबाप मुलांचे प्रकल्प रात्रभर बसून पुरे करतात आणि सकाळी शाळेत पोचवतात. मूल पुढे सरकणं महत्त्वाचं. सर मन लावून गृहपाठ करायचे. पाहुणे आले, दूध नाही? मागच्या दारानं कुणालातरी दुकानात पाठवायचं, पाहुण्यांना कळू द्यायचं नाही. शेजाऱ्याशी मतभेद झाला? वरवर गोड बोलायचं. मूल ऐकत नाही? त्याच्या भल्याचं त्याला कळत नाही असं समजून आपण ठरवायचं. आमटीत काय घालाल? इथे सर हसले आणि गूळ निवडला. नवऱ्याला कशी हाक मारता? इथे ते क्षणभर थांबले. खाली क्लास भरायची वेळ होत आली होती. त्यांनी ‘अहो’ निवडलं.

झोपलेल्या शलाकाच्या डोक्यावर टोपी प्रत्येक उत्तराला एक हलका ठोका देत होती. कधीकधी तिची पापणी हलायची.

दोन महिने संपले तेव्हा सुसंगती चौऱ्याण्णव झाली होती. तहसीन डॉक्टर म्हणाल्या, “सर, कमाल आहे. इतकं स्वच्छ वळण मी कुणाचं पाहिलं नाही.” सरांनी नम्रपणे मान हलवली. विद्यार्थिनीकडून मिळालेले गुणसुद्धा शेवटी गुणच.

आणि मग शलाका सुधारायला लागली. हे काही बोलण्यापुरतं नव्हे. तिला तारखा आठवायला लागल्या. बोलताना शब्द सापडायला लागले. गॅस बंद आहे की नाही हे ती उठून बघायची. पावसाळा संपता संपता ती कोर्टात जाऊन लहानसहान कामं करून यायला लागली. जुईनं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. सरांनी पेढे वाटले.

एके दिवशी क्लास चालू असताना वरून हाक आली, “अहो, जरा येता का?” एकही मूल हसलं नाही. सरांना किती बरं वाटलं! त्या रात्री आमटीत गूळ होता. सरांनी दोनदा वाटी भरून घेतली आणि बायकोकडे कौतुकानं पाहिलं. आजारपणानं माणूस मवाळ होतो, असं त्यांना वाटलं.

मग दिवाळीत शलाकाचा भाऊ कोल्हापूरहून न कळवता आला. घरात दूध नव्हतं. शलाकानं त्याला हसून बसवलं, हवापाण्याच्या गप्पा लावून दिल्या, आणि मागच्या दारानं जुईला दुकानात पिटाळलं. सख्ख्या भावाला! ज्याला ती आजवर ‘आधी दूध घेऊन ये, मग बस’ म्हणत आली त्याला. जुई दाराशी पिशवी घेऊन उभी राहिली आणि आईकडे बघतच राहिली. सरांनाही आत कुठेतरी टोचलं. हा प्रश्न त्यांना पाठ होता. उत्तरही.

जुईनं आईला तिच्या शब्दाची आठवण करून दिली ती प्रवेश परीक्षेचे अर्ज सुटले तेव्हा. जेवणं झाली होती. जुई म्हणाली, “आई, उद्या मी सतारमेकर गल्लीत जाऊन नक्की करून येते. तू बाबाशी बोलणार होतीस.”

शलाका ताटं आवरत होती. “हो, आठवतंय की मला,” ती म्हणाली. “पण तेव्हा मी फार विचार केला नव्हता गं. आधी इंजिनीअरिंग कर. हातात एक पदवी असू दे. मग छंद म्हणून कर ना तानपुरे, कोण नको म्हणतंय?”

सरांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. हे वाक्य त्यांचं होतं. छंद म्हणून कर, कोण नको म्हणतंय. ते त्यांनी अजून बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं.

“तू शब्द दिला होतास,” जुई म्हणाली.

“तुझ्या भल्याचं तुला आत्ता कळायचं नाही, बाळा.”

जुई आईकडे बघत होती, पण पुढचं ती बापाला बोलली. “बाबा, ही आई नाहीये. हा तू आहेस. काय केलंस तू तिला?”

सर रागावले, ओरडले, उठून खाली क्लासच्या हॉलमध्ये गेले. तिथे एका रिकाम्या बाकावर बसून राहिले. कारण काय केलं ते त्यांना ठाऊक होतं.

तहसीन डॉक्टरांना सांगताना सरांची मान वर होत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या विद्यार्थिनीपुढे कॉपी सापडलेल्या पोरासारखे बसले होते.

“टोपीला मेंदू कळतो, सर. बोट कोणाचं ते कळत नाही,” सगळं ऐकून डॉक्टर म्हणाल्या. “त्या अर्धवट झोपेत होत्या. त्यांच्या मेंदूकडून विरोध नव्हता, आणि उत्तरं ठाम येत होती. उजळणीनं त्यालाच वळण मानलं. त्यांच्या मेंदूत आडरस्ते त्यांचेच उघडले, पण ते सगळे तुमच्या दाराशी नेऊन सोडले.”

“आणि तिचं? तिचं स्वतःचं?”

“खाली असेल काही. सगळं पुसलं जात नाही. आपण टोपी उलटी चालवू शकतो. हे वळण सोडवायचं आणि ओळख पहिल्यापासून करायची. पण मधले काही महिने फार वाईट जातील. होत्या त्याच्यापेक्षा वाईट. विसरणं, अडखळणं, सगळं. आणि जे परत येईल ते पूर्ण येईलच असं नाही. शिवाय उशीर करून चालणार नाही. हा हिवाळा गेला की हे रस्ते पक्के होतील, मग कुणाला हलवता येणार नाहीत.”

“करू या,” सर म्हणाले. “लगेच करू या.”

“तुमच्या म्हणण्यावर नाही करता येत, सर. त्या शुद्धीत आहेत, सगळ्या चाचण्या पास आहेत. त्यांनीच हो म्हणायला हवं.”

शलाकाला घेऊन जाताना गाडीत सर गप्प होते. डोकं मात्र चालू होतं, आणि माणूस स्वतःशी किती खोटं बोलू शकतो ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. एक मन म्हणत होतं, सांगून टाक. दुसरं म्हणत होतं, इतकं चांगलं चाललंय ते मोडायचं कशाला? तहसीनची नोकरी जाईल. क्लासचं नाव जाईल. जुईची परीक्षा तोंडावर आली आहे. आणि केलं ते तिच्या भल्यासाठीच ना? दवाखान्याचं फाटक येईपर्यंत त्यांनी दुसऱ्या मनाला कसंबसं गप्प बसवलं.

डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी सगळं सांगितलं. आरामखुर्ची, अंगठा, गूळ, ‘अहो’. तू नको म्हणाली होतीस, तरी मी केलं, हेसुद्धा सांगितलं. सांगताना ते रडले. आणि मनातून ते वाट बघत होते. आता ती उठेल. आता तोंडाचा पट्टा सुटेल. ‘मास्तर, तुला लाज कशी वाटली नाही’ म्हणेल, अख्खा दवाखाना गोळा करील. त्यांना ते हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांना तिच्या शिव्यांची कधी इतकी भूक लागली नव्हती.

शलाकाचा उजवा हात वर गेला. टेबलावरची पाण्याची बाटली त्या हातात होती. हात खांद्याच्या वर, डाव उगारायचा तसा उगारलेला. सरांनी डोळे मिटून घेतले.

काहीच लागलं नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ती आपल्याच हाताकडे बघत होती, हा असा वर कशाला आला असं कोडं तिला पडलेलं. मग तिनं बाटली जपून खाली ठेवली आणि तिचं झाकण घट्ट केलं.

“तुम्ही उगाच मनाला लावून घेताय,” ती म्हणाली. “इतकं चांगलं चाललंय ते मोडायचं कशाला? या तहसीनची नोकरी जाईल. तुमच्या क्लासचं नाव जाईल. जुईची परीक्षा तोंडावर आली आहे. आणि केलंत ते माझ्या भल्यासाठीच ना?”

तोच क्रम. तेच शब्द. गाडीतलं दुसरं मन समोरच्या खुर्चीत बसून बोलत होतं, आणि आता त्याला गप्प बसवायचा काही मार्ग नव्हता.

“शलाका, हे तू बोलत नाहीयेस,” सर म्हणाले. “हे मी बोलतोय. तू नाही म्हणतेस म्हणजे मीच नाही म्हणतोय. कळतंय का तुला?”

“मग तर प्रश्नच मिटला,” ती समजुतीनं हसली. “दोघांचं एकमत आहे.”

तहसीन डॉक्टरांनी तिला आणखी तीनचार प्रकारे विचारलं. तिनं प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं, आवाज न चढवता, अगदी मुद्देसूद. सुसंगतीत खोट काढायला जागा नव्हती. शेवटी डॉक्टरांनी उजळणीचा पडदा बंद केला. “त्यांची इच्छा,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच सर निघाले तेव्हा खुर्चीतून उठल्या नाहीत.

जुई मामाकडे कोल्हापूरला निघून गेली. जाताना आईच्या पाया पडली, बापाकडे बघितलंही नाही. शलाकानं तिला डबा बांधून दिला आणि ती गेल्यावर म्हणाली, “येईल परत. या वयात असंच असतं.” सरांच्या मनात नेमकं तेच येत होतं.

हिवाळा गेला. सरांनी तऱ्हेतऱ्हेनं भांडण काढून पाहिलं. कपाट विस्कटून ठेवलं, तिच्या माहेराला नावं ठेवली. एकदा तर ती कोर्टात निघाली असताना तिचा काळा कोट लपवून ठेवला. ती म्हणायची, “बरोबर आहे तुमचं.” जे शब्द ऐकायला त्यांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली ते आता दिवसातून चारदा कानावर पडायचे, आणि सर ते ऐकून जिन्यात जाऊन बसायचे.

एका रात्री जेवताना त्यांनी आमटीची वाटी दूर सारली. “फार गोड झालीय,” ते म्हणाले.

“हो ना? मलाही वाटलं. उद्या कमी घालते.”

“शलाका.” सर तिच्याकडे वळले. “मला मास्तर म्हण.”

तिनं जरा विचार केला. मग फळ्यावरचं वाचावं तसं नीट, स्पष्ट म्हटलं, “मास्तर.”

सर तिच्याकडे बघत राहिले. ती पण त्यांच्याकडे बघत होती, किंचित पुढे झुकून. पुढच्या बाकावरची शहाणी मुलं उत्तर दिल्यावर बघतात तशी.

“बरोबर आलं का?” तिनं विचारलं.

“बरोबर,” सर म्हणाले, आणि त्यांनी आमटीची वाटी परत पुढे ओढली.